जुनं मॅन्युअल वाचायचं कसं? 'इस्की'च्या पुस्तिकेची एक उलटतपासणी



पेट पास झाली, गाईड मिळाले, सिनॉप्सिस लिहायला बसलो की 'संशोधनाची साधने' हा मथळा येतो. तिथे आपण बहुतेक जण तेच तेच लिहितो: ग्रंथ, नियतकालिकं, मुलाखती, प्रश्नावली. आज मी एका वेगळ्या साधनाबद्दल सांगणार आहे, ते म्हणजे संगणकाच्या सुरुवातीच्या दिवसांतली मॅन्युअलं. विषय संगणकशास्त्राचा वाटेल, पण मराठी, इतिहास, समाजशास्त्र, पत्रकारिता यांपैकी कुठल्याही विषयात तुम्ही मराठी मजकूर गोळा करणार असाल, तर हा लेख तुमच्याही कामाचा आहे.

आमच्या देवणीत, किंवा उदगीर-लातूरकडच्या जुन्या छपाईच्या दुकानांत नीट बघितलं तर काउंटरमागच्या कपाटात एक छोटं संग्रहालयच सापडतं. दीड एमबीसुद्धा न मावणाऱ्या फ्लॉप्या, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगल, कीबोर्डवर चिकटवायची मराठी अक्षरांची स्टिकरं आणि कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर उमटतं याचा लॅमिनेट केलेला तक्ता. लग्नपत्रिका, पत्रकं, स्मरणिका, काही प्रबंधसुद्धा या तक्त्यांवर टाइप झाले. मालक या वस्तू टाकून देत नाहीत. पण त्या उघडून वाचतही नाहीत, आणि आपली अडचण इथूनच सुरू होते.

आठवण कशाची ठेवतो आपण?

१९९१ हे साल घ्या. पुण्याच्या सी-डॅकनं त्या वर्षी 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. विजय भटकरांचं नाव आणि 'परम'ची गोष्ट शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्याही आधी बांधलेल्या यंत्राला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी 'टिफ्रॅक' हे नाव दिलं, हेही स्पर्धा परीक्षावाले पाठ करतात.

त्याच १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. क्रमांक आयएस १३१९४ : १९९१. भारतीय लिप्यांतली अक्षरं संगणकात कोणत्या आकड्यांनी साठवायची, याचं हे मानक. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'इस्की' म्हणतात. आज तुम्ही मोबाईलवर मराठी टाइप करता तेव्हा त्याच्या तळाशी या इस्कीचाच सांगाडा आहे. तरीही पाठ करायच्या यादीत ती कुठेच नसते. यंत्र दिसतं, त्याचा फोटो निघतो, उद्घाटनाची बातमी होते. कोष्टकाचा फोटो कोण काढणार?

म्हणून आज या पुस्तिकेकडे एक ग्रंथ म्हणून बघू. तिनं काय चांगलं केलं, कुठे चुकलं आणि तिला साधन म्हणून कसं वापरायचं, या क्रमानं.

पुस्तिकेचं मोठं काम

आधी पार्श्वभूमी. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला देवनागरी संगणकावर काम चालू होतं. त्यातून 'जिस्ट' हे तंत्रज्ञान उभं राहिलं. त्यातले एक प्रमुख तंत्रज्ञ मोहन तांबे. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाल्यावर हे काम पुण्यात आलं. जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी अक्षरं दिसू लागायची. यादी, बिल, पत्रं मराठीत करता यायला लागली.

आता अडचण बघा. त्या काळच्या संगणकात एका अक्षराला आठ बिट, म्हणजे एकूण २५६ जागा. पहिल्या १२८ इंग्रजीच्या 'आस्की'नं आधीच घेतलेल्या. उरलेल्यांतल्या सुरुवातीच्या जागा नियंत्रणाच्या खुणांसाठी. हातात राहतात १६१ ते २५४, म्हणजे फक्त ९४ जागा. आणि आपली लिपी? जोडाक्षरं मोजायला बसलो तर शेकडो.

पुस्तिकेनं यावर काढलेलं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. आकार साठवायचाच नाही, उच्चाराच्या क्रमानं वर्ण साठवायचे. 'क' ला १७९, 'ष' ला २१४, हलन्ताला २३२. मग 'क्ष' साठी वेगळी जागा कशाला? १७९, २३२, २१४ असं लिहा. पडद्यावर जोडाक्षर दाखवणं हे यंत्राचं काम. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी, कारण तोंडानं आपण तसंच म्हणतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच कोष्टक. देवनागरीतला 'क', कन्नडचा 'क', तेलुगूचा 'क', तिन्हींचा आकडा १७९. लिपी बदलली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसतो. आमचा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून. पलीकडे बीदर, थोडं पुढे तेलंगणा. एकाच घरात तीन भाषा बोलल्या जातात अशा भागातल्या माणसाला ही कल्पना कागदी वाटत नाही. गावाच्या नावाची यादी एकदा टाइप केली की ती तिन्ही लिप्यांत छापता येईल, हा विचार १९९१ साली झाला होता.

पुस्तिकेत इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'क' च्या बटणावर शिफ्ट धरलं की 'ख', 'ग' वर शिफ्ट धरलं की 'घ'. वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला तर्क लगेच कळतो. जागेची काटकसर तर बघतच राहावी अशी: अवग्रहाला स्वतंत्र जागा नाही, दंडानंतर नुक्ता दिला की अवग्रह तयार. चंद्रबिंदूनंतर नुक्ता दिला की 'ॐ'. दोनदा हलन्त दिला की पाय मोडलेला उघड दिसतो, जोडाक्षर होत नाही.

म्हणजे विचार करणाऱ्या माणसांनी लिहिलेला हा मजकूर आहे. त्याची तक्रार करायची तर आधी एवढं मान्य करायला हवं.

मराठीचं काय झालं?

आता तक्रार.

एक : क्रम. आपण शाळेत शिकलो ते 'य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ'. पुस्तिकेत 'ल' ला २०९ आणि त्याला लागूनच 'ळ' ला २१०, 'व' ला २१२. सगळ्या लिप्यांसाठी एकच कोष्टक करताना जवळचे वर्ण शेजारी ठेवले, हे समजतं. पण निव्वळ आकड्यांवर यादी लावली की 'काळ' हा शब्द 'काव' च्या आधी येतो. शाळेतल्या क्रमानं तो 'कास' च्याही नंतर यायला हवा. 'क्ष' तर थेट 'क' च्या घरात जातो. शब्दसूची किंवा संदर्भसूची लावताना हा घोळ आजही भेटतो. मराठीचा क्रम सॉफ्टवेअरला वेगळा शिकवावा लागतो. तो शिकवलेला नसेल तर यादी चुकते, आणि आपण चूक टाइप करणाऱ्याच्या माथी मारतो.

दोन : 'ॲ'. मराठीत आपण 'अ' वर चंद्र देऊन 'ॲ' लिहितो. कोष्टकात जागा आहे ती 'ऍ' ला. युनिकोडमध्ये मराठी 'ॲ' ला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. मधल्या काळात कुणी 'ऍ' वापरला, कुणी 'अ' लिहून वर चंद्र जोडला. 'ॲप', 'ॲसिड', 'ॲडमिशन' असे शब्द संगणकाच्या लेखी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांचे झाले.

तीन : लिप्यांची निवड. कोष्टक ब्राह्मीकुळातल्या लिप्यांचं. उर्दूची लिपी त्यात बसत नाही, तिची व्यवस्था निराळी. मोडीचा तर तिथे विचारच नाही. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. आता मराठवाड्याच्या माणसानं विचार करावा: १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. आपली जुनी कागदपत्रं कशात आहेत? उर्दूत आणि मोडीत. म्हणजे 'भारतीय लिपी' या शब्दात आपल्या दप्तरातल्या दोन मुख्य लिप्या आल्याच नाहीत. तांत्रिक कारण खरं आहे, उर्दू उजवीकडून डावीकडे जाते वगैरे. पण संशोधकानं मानकाच्या नावावर जायचं नसतं, त्यात कुणाला जागा मिळाली आणि कुणाला नाही हे मोजायचं असतं.

चार : वाचक. पुस्तिका इंग्रजीत आहे, अभियंत्यांसाठी लिहिलेली. मराठी मजकूर रोज टाइप करणारा माणूस तिचा वाचकच नव्हता. त्याची बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेली. सरकारी टायपिंगच्या परीक्षा त्यावरच दिलेल्या. इनस्क्रिप्ट कितीही तर्कशुद्ध असला, तरी वर्षानुवर्षं बसलेला हात मोडून नवीन शिकायला कुणाला वेळ आहे? फॉन्ट विकणाऱ्यांनी हे ओळखलं आणि टाइपरायटरचीच मांडणी संगणकावर दिली. बाजार तिकडे गेला.

फॉन्टचा घोटाळा

आणि इथे खरं नुकसान झालं. डीटीपीच्या जगात इस्कीचे वर्ण मागे पडले, फॉन्टचे आकार पुढे आले. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे स्वतःचे योगेश-सुरेख हे फॉन्ट, या सगळ्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतं ते इंग्रजी अक्षर किंवा खूण, फॉन्ट लावला की ती मराठी दिसते. फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर आकडे-चिन्हांचा चिवडा.

वर्ण आणि आकार यांतला हा फरक नीट समजून घ्या, कोर्सवर्कमध्ये कुणी सांगत नाही. इस्कीच्या फाइलमध्ये 'कि' म्हणजे क आणि मग वेलांटी. फॉन्टच्या फाइलमध्ये आधी वेलांटीचा आकार, मग क चा. पहिल्या फाइलमध्ये मजकूर आहे. दुसरीत मजकुराचं चित्र आहे, फक्त ते अक्षरांच्या वेषात आलंय.

म्हणूनच शोधगंगेवरच्या एखाद्या जुन्या मराठी प्रबंधाच्या पीडीएफमधून परिच्छेद कॉपी केला की वहीत भलतंच काहीतरी उमटतं. पान दिसायला स्वच्छ असतं, शब्द शोधायला गेलं की एकही सापडत नाही. अशा वेळी त्या दुकानातला लॅमिनेट केलेला तक्ता एकदम मोलाचा होतो. कोणत्या बटणाला कोणता आकार, हे त्यात आहे. फाइल उलगडायची किल्ली तीच. दहा-वीस वर्षांच्या स्मरणिका, पत्रकं, स्थानिक साप्ताहिकं फ्लॉपीत असतील आणि तक्ता रद्दीत गेला असेल, तर तो मजकूर असून नसल्यासारखा.

इथे मी पुस्तिकेची बाजूही घेईन. तिनं सांगितलेला रस्ता लोकांनी धरला असता तर आज हे कन्व्हर्टर शोधत फिरावं लागलं नसतं. पण रस्ता बरोबर असणं आणि त्यावरून चालता येणं यात फरक असतो. चालणाऱ्याच्या भाषेत तो सांगितला गेला नाही, हा दोष पुस्तिकेकडेच जातो.

'शेतकऱ्यांच्या' शब्दाची गंमत, जी गंमत नाही

आता तुमच्या प्रबंधाशी थेट संबंध असलेलं उदाहरण. मराठीत 'र' दोन तऱ्हांनी जोडला जातो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यातला फरक लग्नाच्या मांडवात चुकला तर काय होईल, सांगायला नको.

इस्कीनं हा फरक सुंदर सोडवला आहे. साधा 'र' २०७, कडक 'ऱ' २०८. मग 'दर्या' म्हणजे १९६, २०७, २३२, २०५, २१८. 'दऱ्या' म्हणजे १९६, २०८, २३२, २०५, २१८. एकच आकडा बदलला आणि अर्थ बदलला. इनस्क्रिप्टवरही दोन्ही एकाच बटणावर, शिफ्टचा फरक.

युनिकोडनं देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि इस्कीची सुधारित आवृत्तीही त्याच वर्षाची. त्यामुळे दोन्ही कोष्टकं तंतोतंत जुळत नाहीत. पुढे युनिकोडमध्ये 'ऱ्य' लिहायच्या दोन रीती मान्य राहिल्या: एक इस्कीसारखी, कडक 'ऱ' आणि हलन्त. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. टाइप करताना कुणी जोडखूण विसरलं, किंवा स्कॅनमधून अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं ती गाळली, तर तिसरं रूप तयार होतं: 'शेतकर्यांच्या'.

समजा तुमचा विषय आहे 'मराठवाड्यातील वृत्तपत्रांतील शेतकरीविषयक वार्तांकन'. तुम्ही पाच वर्षांच्या बातम्या गोळा केल्या आणि 'शेतकऱ्यांच्या', 'शेतकऱ्यांना' हे शब्द मोजले. ज्या रीतीनं तुम्ही टाइप केलं तेवढेच सापडणार, बाकीचे गायब. एका वृत्तपत्राची टाइप करायची रीत वेगळी असेल तर निष्कर्ष निघेल की ते वृत्तपत्र शेतकऱ्यांबद्दल लिहीतच नाही! व्हायवाला तक्ता दाखवाल, परीक्षक मान डोलावतील, आणि चूक कुणाच्याच लक्षात येणार नाही, कारण डोळ्याला ती दिसतच नाही.

उपाय अवघड नाही. मोजण्याआधी सगळा मजकूर एकाच रीतीत आणा. न दिसणाऱ्या खुणा शोधा. 'ॲ' ची तिन्ही रूपं एक करा. पण हे करायचं सुचणार कुणाला? ज्यानं या पुस्तिकेतलं 'ऱ' वालं पान समजून घेतलं त्यालाच.

मग जुनं मॅन्युअल हातात आलं तर?

मला उपयोगी पडलेले चार प्रश्न देते. पुस्तिका इस्कीची असो, फॉन्टची असो की एखाद्या जुन्या यंत्राची.

पहिला, हे कुणासाठी लिहिलं? भाषा, उदाहरणं, गृहीत धरलेलं ज्ञान यावरून वाचक ओळखा. मग प्रत्यक्ष वापरणारा कोण होता ते शोधा. दोघांत अंतर असेल तर तिथे तुमच्या संशोधनाचा विषय आहे.

दुसरा, कोणत्या टंचाईतून हे निर्णय झाले? ९४ जागा हे कारण कळलं नाही तर नुक्त्याची काटकसर विक्षिप्तपणा वाटेल.

तिसरा, यात कोण नाही? मोडी नाही, उर्दू नाही, 'ॲ' नाही. गैरहजेरीची यादी करा. पण प्रत्येक गैरहजेरीला कट समजू नका. कारण शोधा, मग बोला.

चौथा, लोकांनी याचं काय केलं? समासात पेनानं लिहिलेलं, बटणांवर चिकटवलेली चिठ्ठी, खोडलेलं अक्षर, हे सगळं बघा. तक्त्यावर जिथे बोटांचे डाग जास्त आहेत ते अक्षर जास्त वापरलं गेलं असेल. छापील मजकूर काय व्हायला हवं होतं ते सांगतो, डाग काय झालं ते सांगतात.

आणि या वस्तू जपणाऱ्यांशी बोलताना एक पथ्य पाळा. वस्तू मागू नका, फोटो मागा. दोन्ही बाजूंचा, कडेपासून कडेपर्यंत. वर्ष विचारा, कोणत्या कामाला वापरलं ते विचारा, कोणत्या फॉन्टसाठी होतं ते आवर्जून विचारा. काका-मावशी म्हणून निवांत बसलात तर फ्लॉपीचा डबाही बाहेर येतो. डोंगल हरवलं असेल, मशीन भंगारात गेलं असेल, तरी तक्ता आणि फाइल एवढं मिळालं तरी मजकूर सोडवता येतो.

माझं मत

इस्कीची पुस्तिका ही मराठीच्या आधुनिक इतिहासातली महत्त्वाची पुस्तिका आहे असं मला वाटतं. वर्ण आणि आकार वेगळे करण्याचा तिचा निर्णय काळाच्या कसोटीला उतरला. 'दऱ्या'-'दर्या' चा तिनं दिलेला तोडगा आजच्या दुहेरी रीतीपेक्षा स्वच्छ होता. वर्णक्रमात ती मराठीला कमी पडली, आणि आपल्या खऱ्या वाचकापर्यंत ती पोचलीच नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष. त्या दोषाची किंमत आपण अजून प्रत्येक न उघडणाऱ्या फाइलमध्ये भरतोय.

तेव्हा तुमच्या प्रबंधाला शेवटी एक परिशिष्ट जोडा. मजकूर कुठून घेतला, कोणत्या फॉन्टमधून बदलला, 'ऱ्य' कोणत्या रीतीनं एकसारखा केला, 'ळ' कुठे लावला, हे सगळं एका पानावर, साध्या मराठीत. गाईड विचारतील, याची काय गरज. सांगा की हे आमच्या माहितीचं मॅन्युअल आहे, आणि अजून वीस वर्षांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहिलंय.